हिरव्या खुणेचं घर

मीटर वाचायच्या नोकरीत काकांनी जन्मभर लोकांच्या दारावरच्या बेल वाजवल्या. निवृत्त झाले, बायको गेली, आणि त्यांची स्वतःची बेल वाजवणारी एकच बाई उरली, ती म्हणजे कचरा तपासणारी. देशभर कचऱ्याचा नवा नियम आल्यापासून ती रोज येऊन ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा केलाय का ते बघायची आणि जाता जाता दोन शब्द बोलायची.

काका कामाला चोख, त्यांचं कधी चुकलं नाही. बक्षीस म्हणून तिने एक दिवस त्यांच्या दारावर हिरवी खूण चिकटवली. अशा घरांची तपासणी बंद. डबे खाली ठेवले की गाडी उचलणार.

काही दिवस काकांनी कसेबसे काढले. मग एका सकाळी त्यांनी भाजीच्या देठांत घड्याळाचा जुना सेल टाकला.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. बाईच्या हातात गाडीवाल्यांना काकांच्या डब्यात सापडलेला तोच सेल होता.

“काका, ओल्यात सेल? खत करायचंय की बॉम्ब?”

“दिसलं नाही गं,” काका खोटंच म्हणाले. “बस, चहा टाकतो.”

“चहा कसला! अख्खी गल्ली पडलीय अजून. पुन्हा चुकलात तर कचरा केंद्रावर वर्गाला बसवतील, सांगून ठेवते.”

काकांचा चेहरा उजळला. “वर्गाला किती जण असतात?”

“आता कोण असणार? सगळे शिकले. तुम्ही एकटेच बसाल पडद्यासमोर व्हिडिओ बघत.”

सेल त्यांच्या हातात ठेवून ती जिना उतरली. काकांनी तो घातक कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि दार लावून घेतलं.