उपाशी वाफा

मक्याचं पान दोन बोटांत धरून ते उन्हाकडे करायचे आणि म्हणायचे, "पाहा मॅडम, लेकरू जांभळं पडून राहिलं. काहून उपाशी ठेवता याले?" अजूनही पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात हा प्रश्न माझ्या पाठीमागून येतो. मी वळून पाहते. कोणी नसतं.

नागपुरातल्या आमच्या प्रयोगशेतावर ते रोजंदारीने कामाला होते. सगळे त्यांना काकाच म्हणायचे. मक्याला लागणारं स्फुरद सुपर फॉस्फेटच्या पोत्यातून द्यावं की बाजारातल्या सडक्या भाजीपाल्याच्या खतातून, हे आम्हाला पाहायचं होतं. काही वाफ्यांना हे, काहींना ते, आणि तुलनेसाठी एक वाफा कोरा, त्याला काहीच नाही. स्फुरद मिळालं नाही की पानं जांभळी पडतात. त्या वाफ्यात ती पडायलाच हवी होती.

हे पटवायला आमचे सर तासभर बोलले. काका मान डोलवत राहिले. "बराबर हाय सर, एकदम बराबर." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पण याचा गुन्हा काय?"

सुपर फॉस्फेटला ते इंजेक्शन म्हणायचे, खताला जेवण. जरीपटक्याच्या बाजारातून सायकलवर कोबीचा पाला आणि नासके टमाटे घेऊन आले की चौकीदार नाक दाबूनच फाटक उघडायचा. काकांना त्याची भारी गंमत वाटायची. "तीन महिने थांब गा, अत्तर होते याचं."

तिसऱ्या वर्षी तो कोरा वाफा हिरवागार झाला. माती तपासली तर स्फुरद वाढलेलं. मी काकांना विचारलं. त्यांनी काहीच लपवलं नाही.

"टाकतो ना मी. खताचे घमेले तिथंच धुतो. उरलंसुरलं झाडाच्या बुडाशी."

"काका, तीन वर्षं वाया गेली आमची!"

"पण मका कसा तरारून राहिला, पाहा ना."

माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं, मला माहीत नाही. आकडे खोटे ठरले होते, आणि ते दडपणं मला जमलं नसतं. मी सरांना सांगितलं. सरांनी काकांना सोमवारपासून येऊ नका म्हटलं. ते माझ्याशी भांडले असते तर बरं झालं असतं. खुरपं धुऊन जागेवर ठेवलं आणि गेले.

वर्षभराने कळलं, काका धंतोलीच्या एका दवाखान्यात आहेत. माफी मागायचं ठरवूनच मी गेले. खापरखेड्याला दिलेली त्यांची लेक उशाशी बसली होती. "बाबा, तुमच्या मॅडम आल्या." काकांनी डोळे उघडले आणि मला बोलूच दिलं नाही.

"मॅडम, त्या वाफ्यात आता कोण टाकते?"

"मी टाकते, काका."

"जास्त नाही लागत. पेरणीच्या आधी एकदा. विसरू नका बरं."

"नाही विसरणार."

त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी शेतावर कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, ते आपल्या आजारपणामुळे असं त्यांना वाटलं असावं. चार दिवसांनी काका गेले.

प्रयोग आता पहिल्यापासून सुरू आहे. कोऱ्या वाफ्याची राखण माझ्याकडे आहे, तिथे मी कोणाला घमेलं नेऊ देत नाही. यंदा पेरणीच्या आदल्या दिवशी खताच्या ढिगातून मी ओंजळ भरून घेतली आणि त्या वाफ्यापर्यंत गेले. मग खत परत ढिगावर टाकलं, हात धुतले आणि वहीत त्या वाफ्यापुढे शून्य लिहिलं.