चोराचा फोन

दोमितिलाकडे दोन फोन होते. एक खरा आणि एक चोराचा.

आमच्या टेकडीवर हे कुणाला सांगावं लागत नाही. लिमा शहरात बसने फिरणारी कुठलीही शहाणी बाई चोरासाठी वेगळा फोन बाळगते. समोरच्याने चाकू काढला, की रडकं तोंड करून तो त्याच्या हातात द्यायचा आणि जीव घेऊन घरी यायचं. त्यातही शास्त्र आहे. फार जुना, बटणांचा फोन दिला तर चोराला अपमान वाटतो आणि तो कानाखाली वाजवतो. म्हणून फोन दिसायला बरा हवा, वर चांगलं कव्हर हवं, आतून मेलेला असला तरी चालतं. दोमितिलाने तिचाच आधीचा फोन या कामाला लावला होता. बॅटरी फुगून तो कायमचा बंद पडलेला, पण कव्हर गुळगुळीत, निळं, चकचकीत. खऱ्या फोनला मात्र खरखरीत काळं रबर, तेही कोपऱ्यात फाटलेलं आणि मक्याच्या पिठाने चिकट झालेलं. दोन्ही फोन ॲप्रनच्या एकाच मोठ्या खिशात.

पीठ तिच्या धंद्याचं. सव्वीस वर्षं ती आमच्या टेकडीच्या पिवळ्या जिन्याच्या पायथ्याशी, बस थांबते तिथे तामाल विकते. मका सोलायचा, दळायचा, आत मांसाचा तुकडा घालायचा, केळीच्या पानात बांधून वाफवायचा. सतराव्या वर्षी वांकावेलिकाच्या डोंगरातून ती इथे आली, तेव्हा तिच्याकडे एक घोंगडी आणि एक पातेलं होतं. घोंगडी कुणीतरी लांबवली. पातेलं अजून आहे. माझ्या मुलीला बाप्तिस्म्याला तिनेच हातात धरलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे. म्हणजे बहिणीपेक्षा जवळच्या आणि बहिणींइतक्याच भांडणाऱ्या.

तीन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. आधी उजव्या, मग डाव्या. तिने कुणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकं ती आवाजावरून ओळखायची, आणि वर त्यांनाच टोमणे मारायची. "घसा बसलाय तुझा, नवऱ्याशी भांडलीस ना?" असं म्हटलं की त्या बाईला वाटायचं, दोमितिलाला सगळं दिसतं. पण डुकराच्या तामालला ती लाल दोरा बांधायची आणि कोंबडीच्याला पांढरा. एके दिवशी डुकराचा तामाल ॲडव्हेंटिस्ट पाद्रीबुवांच्या हातात गेला. त्यांच्या पंथात डुक्कर बंद. बुवांनी तो सगळा खाल्ला, तोंड पुसलं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन हळूच म्हणाले, "बाई, कालचाच द्या." तेव्हा आम्हाला कळलं. त्यानंतर ती दोऱ्याला गाठी मारायला लागली. डुकराला दोन, कोंबडीला एक. डोळ्यांचं काम बोटांवर आलं.

मीच तिला ओढत सरकारी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर वीस मिनिटांचं काम आहे, नाही केलं तर उरलेलंही जाईल. मग खिडकीवर अर्ज. तिथल्या बाईने काय विचारलं आणि दोमितिलाने काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, कारण रांग मोडून पुढे घुसणाऱ्या एका म्हाताऱ्याशी मी तेव्हा भांडत होते. परत आले तर अर्ज भरून झाला होता.

"नंबर लागला की फोन करतील," दोमितिला म्हणाली. "तीनदा करतील. उचलला नाही तर पाळी पुढच्याची."

"कुठल्या नंबरावरून करतील?"

"ते नाही सांगितलं. कुठूनही."

इथूनच सगळी पंचाईत सुरू झाली. कारण लिमात अनोळखी नंबर कुणी उचलत नाही. मी तर मुळीच नाही. माझं घरातच शिवणकामाचं दुकान आहे, चेन बदलणं, पँट आखूड करणं. हौसेने पाटीवर नंबर रंगवला, आणि दोन महिन्यांत एक गोड आवाजाचा माणूस रोज फोन करून माझ्या मुलीच्या शाळेची वेळ सांगायला लागला. हप्ता मागत होता. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला तर गोळीचा फोटो आला. मी पाटीवर रंग फासला आणि ठरवलं, ज्याचं नाव दिसत नाही तो माझ्यासाठी मेला. कापायचा आणि ब्लॉक करायचा. मला त्याचा अभिमान होता, आणि तो मी चारचौघांत मिरवायचे.

दोमितिलाला ती चैन नव्हती. तिला प्रत्येक फोन घ्यावा लागे. चौदा महिने तिने बँकांची कार्डं, जास्तीचं इंटरनेट, मरणाचा विमा, न काढलेल्या लॉटरीचं बक्षीस, सगळं ऐकून घेतलं. एका हातात चमचा, दुसऱ्यात फोन, आणि गिऱ्हाइकं खोळंबलेली.

"बाई, तुम्ही हॉस्पिटलातून बोलताय का?" ती आधीच विचारायची. "नाही? मग ठेवा हो, लाइन मोकळी पाहिजे मला."

एकदा हप्तेवाल्यालाच तिने हे ऐकवलं. त्याने चार शिव्या दिल्या. ती म्हणाली, "ते सगळं ठीक आहे रे, पण तू हॉस्पिटलातला नाहीस ना?" त्यानेच फोन ठेवला. आम्ही हसून लोळलो. पण रात्रंदिवस तो फोन छातीशी धरून बसलेली बाई पाहिली, की माझा जीव चिडायचा. कुणावर चिडायचं ते कळत नसे, म्हणून मी तिच्यावरच चिडायचे. संडासातसुद्धा फोन घेऊन जायची.

आणि मग मी शहाणपणा केला. रविवारी तिचा वाढदिवस होता. बाजारातून मी एक कव्हर आणलं, सूर्यफुलांचं. ती पातेल्याशी होती, वाफेत. मी तिच्या खिशातून दोन्ही फोन काढले, ते किळसवाणं रबर सोलून काढलं आणि खऱ्या फोनला सूर्यफुलं चढवली. कव्हर मऊ, गुळगुळीत, सुंदर. रबर टाकून देणार होते, पण वापरातली वस्तू टाकवत नाही माझ्याच्याने. ते ओढूनताणून चोराच्या फोनवर बसवलं. निळ्या कव्हरला तडा गेलाच होता, ते टाकलं आणि दोन्ही फोन परत तिच्या खिशात सरकवले.

"कोमाद्रे, फोनला नवीन कव्हर घातलंय गं," मी ओरडले.

"बरं बरं, झाकण दे ते," ती म्हणाली.

मला डोळे आहेत. ती फोन बोटांनी ओळखत असेल, हे मला सुचलंच नाही. गाठी मारताना तिला रोज बघत होते, तरी नाही सुचलं.

सोमवारी नऊच्या सुमारास ती माझ्या दुकानात आली ती हसतच. गाल लाल झालेले.

"नेलिदा, लुटलं गं मला! मोटारसायकलवर दोघं होते. एकाने टोपलीवर पाय ठेवला आणि म्हणतो, मावशी, फोन. मी काय रडले म्हणून सांगू! 'घे रे बाळा, माझ्या आईची शपथ, एवढाच आहे, मारू नकोस.' थरथरत काढून दिला. तो म्हणतो, देव तुझं भलं करो." ती टेबलाला धरून हसत होती. "इतके दिवस सांभाळला, आज कामी आला मेला."

मीही हसले. पाणी दिलं. तिने खिशात हात घातला, रबराचा फोन काढला आणि बटण दाबलं. परत दाबलं. मग अंगठ्याने कव्हरचा फाटका कोपरा चाचपला. फाटका होता, म्हणजे तिचाच. तिने तो माझ्यापुढे धरला.

"बघ गं, याचं चार्जिंग संपलं का?"

मी बघितलं, रबराच्या आत तो फुगलेला, मेलेला फोन होता. खरं सांगते, क्षणभर वाटलं, हो म्हणावं. मग सांगितलं. कव्हरचं, सूर्यफुलांचं, सगळं. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "सूर्यफुलं होती? मला दिसली नाहीत." आणि मग, "फोन जाऊ दे. नंबर परत मिळेल ना? आज जर त्यांनी फोन केला तर?"

माझ्या फोनवरून आम्ही तिचा नंबर लावला. बंद. हॉस्पिटलचा लावला. पावणेदोन तास बासरी ऐकवली आणि लाइन कट. नंबर बदलायची खिडकी फक्त शुक्रवारी उघडते, हे मात्र त्या बासरीच्या मधे मधे एक बाई सांगत होती. म्हणजे एकच उपाय, तोच नंबर परत मिळवायचा. दुकान माझ्या मुलीवर सोपवून मंगळवारी सकाळी मी तिला घेऊन फोन कंपनीच्या ऑफिसात गेले.

तिथली पोरगी गोड होती. ओळखपत्र घेतलं आणि म्हणाली, "मावशी, या काचेवर बोट ठेवा."

यंत्राने लाल दिवा दाखवला. दुसरं बोट. लाल. सव्वीस वर्षं चुन्याच्या पाण्यात मका सोललेली बोटं ती. त्यांच्यावर आता रेघ उरलेली नाही.

"तुमचा ठसा जुळत नाही, मावशी."

"ही तीच आहे," मी म्हणाले. "मी सांगते ना. तिचं तोंड आहे, ओळखपत्रावर फोटो आहे. अजून काय हवंय?"

"सिस्टिमला बोट लागतं. हाताला क्रीम चोळा, रात्रभर पिशवी बांधून ठेवा आणि उद्या या."

मी तिथे जो तमाशा केला तो सांगत नाही. मॅनेजर आला, रखवालदार आला. आणि नेमका त्याच वेळी माझ्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. अनोळखी नंबर. मी कापला. परत वाजला, परत कापला, आणि तिसऱ्यांदा वाजू नये म्हणून ब्लॉक करून टाकला.

"कोण गं?" दोमितिलाने विचारलं.

"कुणी नाही. बँकवाले, नाहीतर हप्तेवाले. मेल्यांना वेळकाळ नसतो."

बुधवारीही लाल दिवाच. दोन दिवस तिने तामाल केले नाहीत, कारण क्रीम लावलेल्या हातांनी मका सोलता येत नाही. पाद्रीबुवा येऊन चौकशी करून गेले. गुरुवारी डाव्या हाताची करंगळी चालली. तेवढं एक बोट कामात येत नसावं. नवीन सिम मिळालं, माझ्या मुलीच्या जुन्या फोनमध्ये घातलं, आणि दोमितिलाने माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली. संध्याकाळभर हॉस्पिटलचा फोन आला नाही. एका बँकवालीचा तेवढा आला, त्याचाही तिला आनंद झाला.

शुक्रवारी हॉस्पिटल. पहाटेपासून रांग, धुक्याचा ओलावा कपड्यांत शिरलेला. खिडकीवरच्या बाईने नाव टाइप केलं.

"यौरी, दोमितिला. तुम्हाला मंगळवारी फोन केला होता. पुढच्या सोमवारची तारीख होती."

दोमितिलाने काठावर दोन्ही हात ठेवले. "माझा फोन चोरीला गेला होता हो."

"हो, पहिला नंबर बंद लागला. मग नियमाप्रमाणे दुसऱ्या नंबरवर केला. दोनदा कापला. तिसऱ्यांदा लागलाच नाही. तारीख पुढच्या पेशंटला दिली."

"दुसरा नंबर?" मी म्हणाले. "कुठला दुसरा नंबर?"

बाईने चष्मा वर केला आणि पडद्यावरचा नंबर वाचला. एकेक आकडा, सावकाश. पाचव्या आकड्यापर्यंत मी ऐकलं. पुढचे मला ऐकू आले नाहीत, आणि गरजही नव्हती. स्वतःचा सोडला तर दोमितिलाला जगातला एकच नंबर तोंडपाठ आहे. आकडे दिसेनासे झाले तेव्हा मीच तो तिच्याकडून घोकून घेतला होता.

मला तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्या बाईवर ओरडावं म्हटलं तर ओरडायला काही नव्हतं. दोमितिलाने माझ्याकडे मान वळवली. तिला माझं तोंड दिसत नाही, तरी वळवली.

"नाव परत घालायचं तर यादीत शेवटी जाईल," बाई म्हणाली. "वर्ष, सव्वा वर्ष. घालू?"

"घाला."

"पहिला नंबर तोच. आणि दुसरा?"

मी म्हणणार होते की माझ्या मुलीचा घ्या, पाद्रीबुवांचा घ्या, कुणाचाही घ्या. पण दोमितिलाने आधीच सुरू केलं होतं. नऊ, सहा, चार. पूर्ण नंबर तिने न अडखळता म्हटला. माझा.

त्याला आता पाच महिने झाले. डाव्या डोळ्याने ती खिडकीतला उजेड तेवढा ओळखते. पाटीवरचा रंग मी खरवडून काढला नाही, पण ब्लॉक केलेले सगळे नंबर सोडवलेत, एकशे बारा निघाले. काल शिवण अर्धी टाकून फोन घेतला, तर तोच जुना गोड आवाज, मुलीच्या शाळेची वेळ सांगणारा. मी सुई कापडात टोचून ठेवली.

"तुम्ही हॉस्पिटलातून बोलताय का?" मी विचारलं. "नाही? मग ठेवा. लाइन मोकळी पाहिजे."