आम्हीच केलं

सिमेंटचं परमिट वेळेवर मिळालं असतं तर सरुबाईची आणि माझी गाठ पडलीच नसती.

१९७९चा उन्हाळा. बीदरकडच्या औरादला आम्ही एक जुनं दगडी घर घेतलं होतं. मूळ मालक व्यापारी. तो उदगीरला दुकान टाकून गेला, आणि सात-आठ वर्षं त्या घरात पारव्यांखेरीज कुणी राहिलं नव्हतं. भिंती दोन हात रुंद, दगड उत्तम, पण आतला गिलावा गळून पडलेला, दगडांच्या फटी उंदरांनी पोखरलेल्या, आणि माळवदावर गुडघाभर गवत. हे, म्हणजे अच्युतराव, तिथल्या हायस्कूलात मास्तर. त्यांनी तहसिलात अर्ज करून पंचवीस पोती सिमेंट मागितलं. चार मंजूर झाली, आणि त्यातलं एक पोतं फोडलं तर आत सिमेंटचा दगड झालेला.

तेव्हा मीच म्हटलं, चुन्यात करू. घर मुळात चुन्याचंच आहे. माती गावची, वाळू नाल्याची, चुना भट्टीचा. सुट्टी दोन महिन्यांची आहे, दोघं मिळून करू. मला त्याचा अभिमानच होता थोडा. गुलबर्ग्याच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकले होते. चुनकळीवर पाणी ओतलं की काय होतं याचं समीकरण मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं.

पहिली खोली आम्ही आठ दिवसांत केली. हात सोलवटले, पण भिंत पांढरीशुभ्र झाली. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. पुढच्या आठवड्यात भिंतीवर बारीक फोड उठले. रोज नवे. फोड फुटे, खपली पडे आणि खाली खळगा दिसे.

सरुबाई तेव्हा गावात गोवऱ्या विकत फिरायची. पन्नाशीची, काटक, कपाळावर उन्हानं रापलेल्या रेघा. त्या दिवशी आमच्या ओट्यावर पाटी उतरवता उतरवता तिचं लक्ष उघड्या दारातून आत गेलं आणि ती हसायलाच लागली. पाटी खाली ठेवून हसली.

“अक्का, भितीला देवी आल्या का काय?”

मला राग आला. मी तिला समीकरण सांगितलं नाही एवढंच. म्हटलं, चुना चांगल्या भट्टीचा आहे, दोन दिवस पाण्यात ठेवला होता. ती आत आली, एका खळग्यात नख घालून तिनं हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा काढला आणि माझ्या तळव्यावर ठेवला. हा न विझलेला चुना. पोटात पाणी जाईल तसा फुगणार आणि भिंत फोडणार. म्हणाली, चुन्याला मुरू द्यावं लागतं, त्याची घाई करून चालत नाही. मग आमच्याकडे बघून म्हणाली, हे समदं उतरवावं लागतंय, मास्तर. उद्यापासून आपुन करूत.

तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी ती आली. तिनं अंगणात खड्डा खणायला लावला, चुना त्यात विझवला, वर चार बोटं पाणी ठेवलं आणि महिनाभर त्याला हात लावायचा नाही असं बजावलं. तेवढ्या वेळात आम्ही जुना गिलावा खरवडायचा, विटा कुटून सुरखी करायची, माळवदावरची माती काढून नवी पांढरी माती घालायची. रोज संध्याकाळी मजुरी घेऊन ती जाई, पण मजुरीत बसणार नाहीत अशी कामं तिच्याकडून होत. जाताना खड्ड्याशी वाकून, झोपलेल्या लेकराकडे बघावं तसं बघून जाई.

काम करता करता ती सांगायची. माहेर मुडबीचं. बाप चुना भाजायचा. घाणीला बैल जुंपून चुना दळायचे, आणि ही पाच वर्षांची असल्यापासून बैलामागं चालायची. भिंतीला शेवटचा हात मात्र तिच्या आईचा. ओल्या गिलाव्यावर नदीतला गुळगुळीत गोटा फिरवत राहायचं, भिंतीत तोंड दिसेपर्यंत. लग्न होऊन औरादकडे आली. नवराही त्याच कामातला. मग सिमेंट आलं. भट्ट्या विझल्या, घाण्यांचे दगड लोकांनी पायरीला लावले. नवरा गेल्यावर हिनं निंदणी-खुरपणी धरली, गोवऱ्या धरल्या. “हाताला समदं येतंय अक्का,” ती म्हणाली होती, “पर हाताला भूक चुन्याचीच लागती.”

मी एक वही केली होती. सरुबाई मापं सांगायची मुठीनं आणि ओंजळीनं. इतका गूळ, इतका हिरडा कुटून, बेलफळाचा गर एवढा. मी ते शेरात आणि पावशेरात बसवून लिहायची. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं की ती म्हणे, व्हय, असंच असंल. मी तिला अगंतुगं करायची, ती माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही.

जूनअखेर भिंती झाल्या. आरशासारख्या नाही, पण हात फिरवला तर हात घसरे. भर उन्हातून आत आलं की माठाजवळ आल्यासारखं वाटे. एका विद्यार्थ्याच्या काकानं ते बघितलं आणि बीदरला एका ओव्हरसियरला सांगितलं. मल्लिकार्जुन त्यांचं नाव; त्यांना अशाच माणसांची गरज होती. मुडबीपासून तीन मैलांवर एक जुना मठ होता. त्याच्या ओवऱ्यांना मागे कुणी सिमेंट लावलं होतं आणि ते सालपटांसारखं सुटत होतं. आता चुन्यात दुरुस्ती करायची ठरली होती. वर्ष-दीड वर्षाचं काम होतं, पण चुना जाणणारं माणूस मिळत नव्हतं.

ते आले तेव्हा सरुबाई मागच्या खोलीत खिडकीची कड घोटत होती. ते भिंतींवरून हात फिरवत फिरले. “छलो आगेद,” छान झालंय, असं कानडीत म्हणाले, आणि मग मराठीत, कुणी केलं हो हे?

मी म्हटलं, “आम्हीच केलं. सुट्टीत, दोघांनी.”

मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटलं की आत येतो, हे मी लहानपणापासून बोलत आले आहे. सरुबाई दोन महिने ‘आपुन’ म्हणत होती. माझ्या तोंडून ‘आम्ही’ निघालं, आणि वर तो ‘च’.

मल्लिकार्जुनांनी प्रमाण विचारलं. मी वही आणली. शेर, पावशेर, सुरखी किती, वाळू किती. मी घडाघडा वाचत गेले, आणि ते लिहून घेत होते. हे शेजारी उभे होते, कौतुकानं माझ्याकडे बघत. चुना किती दिवस मुरवायचा ते वहीत नव्हतं. ते रोज डोळ्यांसमोर होतं, म्हणून मी लिहिलंच नव्हतं. मी म्हटलं, पंधरा दिवस. कसं सुचलं कोण जाणे. विचार करते आहे असं दिसू नये म्हणून पटकन बोलले.

मागून सरुबाई म्हणाली, “म्हैना.”

हळूच म्हणाली, पण ऐकू आलं. मल्लिकार्जुनांनी तिच्याकडे बघितलं. हात कोपरापर्यंत पांढरे, पदर कमरेला. ते हसले. म्हणाले, “कामवालीलासुद्धा शिकवून ठेवलंत की, बाईसाब.”

मी हसले.

एवढंच.  सरुबाईनं गोटा उचलला आणि पुन्हा खिडकीच्या कडेला लागली.

पुढं दर रविवारी ह्यांना न्यायला जीप यायची. वही घेऊन जायचे, तिथल्या गवंड्यांना समजावून सांगायचे. पंधरा की महिना हे मी त्यांना एकदा म्हटलं होतं. ते म्हणाले, साहेबांना घाई आहे, पंधरा म्हणून सांगून झालंय. मीही तो विषय पुन्हा काढला नाही. काढला असता तर महिना कुणी सांगितला हेही निघालं असतं.

दिवाळीच्या सुमाराला सरुबाईला मठाच्या कामाचं मुडबीकडून कळलं. ती गोवऱ्यांची पाटी न घेताच आली, आणि ओट्यावर बसली. चहा दिला तो तिनं तसाच ठेवला.

“त्या मठाच्या ओवरीला माझ्या मायनं घोटाई केलती,” म्हणाली. “मला कामून इचारलं न्हाई कुणी?”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी तुझं नाव घेतलं नाही, चल, उद्याच साहेबांना सांगू. माझ्या मनात आधी आलं ते हे, की मग मल्लिकार्जुन काय म्हणतील, ह्यांचे रविवार जातील, शाळेत मुख्याध्यापकांनी केलेलं कौतुक जाईल. मी म्हटलं, “अगं, त्यांना बाप्ये माणसं हवी होती.”

 “व्हय का,” ती म्हणाली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. त्यानंतरही ती येत राहिली. संक्रांतीला माळवदाची एक फट मुरूम-माती घालून बुजवून गेली. मजुरी घेतली नाही म्हणून मला वाटलं, मनात काही ठेवलेलं नाही. त्या उन्हाळ्यात मात्र ती गावातून दिसेनाशी झाली. शेजारीण म्हणाली, बीदरजवळ कोळारला गोदामात लागली आहे.

१९८०च्या श्रावणात मल्लिकार्जुन आले. चपला बाहेर काढून आत आले आणि खुर्चीत बसले. मठाच्या दोन ओवऱ्यांच्या गिलाव्याला फोड उठले होते. पावसाची झड लागल्यावर एका अख्ख्या भिंतीचा गिलावा खाली आला. सुदैवानं कुणी खाली नव्हतं. पण वरून विचारणा आली होती, आणि काम त्यांच्या हातून जाणार होतं. हे शाळेत होते. मल्लिकार्जुन म्हणाले, वही तुमचीच होती बाईसाब, कुठं चुकलं तेवढं सांगा.

मी म्हटलं, चुना मुरला नव्हता. महिना लागतो. आणि मग एकदाचं म्हटलं, आमची भिंत सरुबाईनं केली. जिला तुम्ही कामवाली म्हणालात, तिनं. आम्ही तिच्या हाताखाली होतो.

त्यांनी एवढंच विचारलं, “मग तेव्हा का नाही सांगितलं?”

 मी म्हटलं, ती कोळारला आहे, मी येते तुमच्याबरोबर. जीपमधून ते पुढे बघत होते आणि मी बाहेर. वाटेत मी मनाशी ठरवलं होतं की तिच्यासमोर, साहेबांसमोर, दोन्ही गोष्टी सांगायच्या: नाव लपवलं ते, आणि बाप्ये माणसं हवीत म्हणून खोटं सांगितलं ते.

गोदाम लांबलचक, पत्र्याचं. दारात सात-आठ बायका फाटकी पोती शिवत बसल्या होत्या. सरुबाईला मी आधी ओळखलंच नाही. केस, भुवया, मान, सगळ्यावर सिमेंटची राखाडी धूळ. तिच्या मांडीवर गोणपाट होतं आणि हातात दाभण. मला बघून ती उठली नाही, पण बाजूची गोणी सरकवून मला जागा केली.

मल्लिकार्जुन उभ्यानंच बोलले. मठाचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं. ती ऐकत होती. मग त्यांनी विचारलं, “गेल्या साली तुम्ही तिथंच उभ्या होता. आम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही बोलला का नाहीत? या बाईंनी तरी तुमचं नाव का घेतलं नाही?”

मी तोंड उघडलं. “सरुबाई, त्या दिवशी मी...”

“मीच म्हणले व्हते अक्काला,” ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “माझं नाव सांगू नका म्हणून. गुडघा धरला व्हता साहेब. येवढ्या लांब कोण जावं?”

मल्लिकार्जुनांचा चेहरा एकदम सैल झाला. तेही मोकळे झाले होते. हसले, म्हणाले, आता गुडघा कसा आहे? ती म्हणाली, आता बरा हाय. पर समदा गिलावा दगडापोतर उतरवायचा, अन् म्हैनाभर चुन्याला कुणी हात लावायचा न्हाई. तुमच्या साहेबाचे साहेब आले तरी. कबूल असंल तर येते. ते कबूल म्हणाले आणि मुकादमाला सांगायला आत गेले.

आम्ही दोघीच राहिलो. मी विचारलं, खोटं का बोललीस? तिनं सुतळी दाभणाला गुंडाळली आणि पोत्यात खोचून ठेवली.

“तुमी दिवाळीला बोललाव ते खोटं हाय, मला तवाच कळलं व्हतं,” म्हणाली. “चुन्याची घोटाई बाप्ये कवा करतेत अक्का? माझी माय करायची. तुमाला सांगितलंतं की मी.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आलं असतं. मी म्हटलं, मी आत जाऊन त्यांना खरं सांगते. ती उठली, लुगडं झटकलं. धुळीचा लोट उठला आणि आम्ही दोघी खोकलो.

“आता न्हाई,” म्हणाली. “आता साहेब कामाचं बोलायलेत. तुमी मधी बोललाव तर तुमचंच बोलणं व्हईल. मला मुडबीला जायचंय.”

ती जीपमधून थेट मुडबीकडे गेली. मी एसटीनं औरादला परतले.

मठाचं काम तिनं दोन वर्षं केलं. पाच बायका हाताखाली घेऊन. पुढे दोन-तीन देवळांची कामंही मिळाली. मला हे लोकांकडून कळायचं. ती औरादला येई तेव्हा भेटून जाई. चहा घेई, भिंतीवरून हात फिरवून बघे, आणि कुठं पोपडा दिसला तर सांगे. मी तिच्याशी ‘तुम्ही’ म्हणून बोलायला लागले. पहिल्यांदा ती हसली, मग सवय झाली. माफी मात्र मी कधी मागितली नाही. तोंडावर यायची, आणि तेवढ्यात ती काहीतरी चुन्याचं बोलायला लागायची.

१९८७ साली बीदरला एका लग्नात मल्लिकार्जुन भेटले. आता मोठ्या हुद्द्यावर होते. पंगतीत शेजारी बसलेल्यांना माझी ओळख करून देताना त्यांनी मठाची सगळी गोष्ट सांगितली. “काय मानी बाई बघा,” म्हणाले. “स्वतःचं नाव सांगू नका म्हणून या बाईसाबना गळ घालून बसली होती. खरं ना, बाईसाब?”

सगळे माझ्याकडे बघत होते. वाढपी भात घेऊन समोर उभा होता.

मी ‘हो’ म्हटलं.