राखणदाराला न विचारता

आमच्या मसुरे गावाकडे विहीर खणायची असो की घराचा पाया, पहिली कुदळ मारण्यापूर्वी त्या जागेच्या राखणदाराला विचारावे लागते. राखणदार म्हणजे जागेचा अदृश्य धनी. जाणता माणूस हातात नारळ धरून त्याला गाऱ्हाणे घालतो, म्हणजे मोठ्याने विनवणी करतो, आणि जमलेली माणसे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ असा दुजोरा देतात. एकाचाही दुजोरा अडला, तर गाऱ्हाणे पुढे सरकत नाही. शाळेत शिक्षिका असताना हे मी मुलांना रीत म्हणून शिकवीत असे. माझ्या वडिलांसाठी मात्र ती केवळ रीत नव्हती.

एकाहत्तरच्या युद्धात ते पश्चिम सीमेवर होते. त्यांनी आणि त्यांच्या तिघा सोबत्यांनी, चौघेही आमच्याच मुलखातले, वाळूत खंदक खणला. तोफगोळे पडू लागले, खंदकाची भिंत ढासळली आणि चौघेही गाडले गेले. तिघे जिवंत निघाले. चौथा, खारेपाटणचा, तेथेच गेला. वडिलांनी याचा एकच अर्थ लावला : “आमी जागेक इचारूक नाय. म्हणान तेना आमचो एक माणूस ठेवून घेतल्यान.” वाळू कशी ढासळते, हे मी त्यांना अनेकदा समजावून सांगितले. ते शांतपणे ऐकत, आणि झोपण्यापूर्वी खोलीचे दार उघडून ठेवीत. बंद दाराआड त्यांचा श्वास कोंडत असे.

गेल्या हिवाळ्यात पलटणीच्या जुन्या सैनिकांचा मेळावा त्याच रणभूमीवर भरला. वडिलांनी परसातला नारळ पिशवीत घातला. सोबतीला मी गेले.

उरलेले दोन सोबती तेथे भेटले. शिरोड्याचे काका काठी टेकीत आले आणि मला म्हणाले, “बाये, तू मास्तरीण मा? मगे आमका रांगेत उभी कर. ह्यो तुझो बापूस तेवाय रांग मोडी.” दुसरे होते खारेपाटणचे काका. गेलेला सोबती त्यांच्याच वाडीतला होता.

स्मारकावर पुष्पचक्र वाहून झाले. वडिलांनी एका उंचवट्याकडे बोट दाखवले. खंदक तेथे होता. मात्र वाटेच्या कडेला चुना लावलेले दगड मांडले होते. त्यांपलीकडची जमीन अजून सुरुंगमुक्त झालेली नाही, असे सोबतच्या अधिकाऱ्यांनी नम्रपणे सांगितले. एवढा देश ओलांडून आलेले वडील एका दगडापाशी थांबले.

“हयसूनच घाल रे,” शिरोड्याचे काका म्हणाले. “राखणदार भयरो नाय हा, आयकतलो.”

वडिलांनी नारळ हातात धरला. “बा जागेच्या राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तुका न इचारता आमी तुझी भूय खणली, ती चूक पोटात घाल!”

“व्हय म्हाराजा!”

“आनि आमचो जो माणूस तू आडवून ठेवलंस, तेका आता मोकळो कर. आमच्या वांगडा घराक येवंक दी!”

“व्हय म्हाराजा!” हा आवाज एकट्या शिरोड्याच्या काकांचा होता. त्यांनी खारेपाटणच्या काकांना काठी टोचली. “म्हण रे मेल्या! गाऱ्हाणा लटाकला.”

“मी म्हणूचंय नाय,” खारेपाटणचे काका म्हणाले. “खंयच्या घराक येतलो तो? म्हातारी आवस वाट बघून गेली. भाव परमुलखात. घराक कुलूप आसा. तेका हयसून उठवन खंय ठेवतलंस? तुझ्या खळ्यात?”

अर्धवट गाऱ्हाणे टाकून निघता येत नाही, आणि एक दुजोरा नसता पुढेही जाता येत नाही. वडिलांनी नारळ तसाच पुढे धरून ठेवला. मागे गाडीचा भोंगा वाजत होता. मी त्यांच्या कोपराला आधार दिला. त्यापलीकडे मला करता येण्याजोगे तेथे काही नव्हते.

मग ते हलक्या आवाजात म्हणाले, “तर तेका ठेव, म्हाराजा. बरो सांभाळ. पण माका सोड.”

या वेळी दोघांचाही आवाज एकत्र आला. “व्हय म्हाराजा!”

वडिलांनी दगडावर नारळ फोडला आणि एक भकल, म्हणजे अर्धा तुकडा, वाळूत दूर फेकले. ते उंचवट्यापर्यंत पोहोचले नाही. दगडांच्या जरा पलीकडेच पडले.

गाडीत शिरोड्याच्या काकांनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. “सुटलंस रे एकदाचो!”

वडील खिडकीच्या बंद काचेतून मागे पाहत होते.

“तुमी व्हय म्हटल्यात,” ते म्हणाले. “जागेन खंय म्हटल्यान?”