सासूबाई आणि आल्गॉयची गाय

गेल्या सप्टेंबरात दक्षिण जर्मनीतल्या आल्गॉय या डोंगराळ भागातल्या एका गावचा रस्ता बराच वेळ बंद पडला होता. कारण आमचं कुटुंब.

सासूबाई पहिल्यांदाच जर्मनीला आल्या होत्या. रेगेन्सबर्गच्या आमच्या बाल्कनीतून दिसणाऱ्या पार्किंगला त्या कंटाळल्या, म्हणून मेघनाने, म्हणजे माझ्या बायकोने, आईला आल्प्सचे डोंगर आणि तळी दाखवायचं ठरवलं. मी गाडी चालवायला आणि जर्मन बोलायला!

त्या दिवशी उन्हाळाभर डोंगरावर चरलेल्या गाई वाजतगाजत गावात परतत होत्या. पहिल्या गाईच्या डोक्यावर हा एवढा फुलांचा मुकुट, गळ्यात घागरीएवढी घंटा. मी सासूबाईंना माहिती सांगायला वळलो, तर त्या शेजारी नव्हत्या. त्या रस्त्याच्या मधोमध होत्या! पर्समधली डबी काढून त्यांनी गाईला कुंकू लावलं, नमस्कार केला आणि केळं भरवलं. (सालासकट.) गाईला ते फारच आवडलं. ती जागीच थांबून पर्समध्ये तोंड घालू लागली. मागे कळप थांबला, कळपामागे बँड थांबला, बँडमागे बस थांबली.

चामडी चड्डीतला एक दणकट शेतकरी काठी आपटत आला. त्याची डोंगरी बोली मला कळेना, पण 'हा काय प्रकार आहे' एवढा अर्थ चेहऱ्यावरून लागला. मी सासूबाईंकडे बोट केलं. नेमकं तेव्हाच मेघनाने आईला बाजूला ओढलं आणि बोटासमोर उरली गाय.

"माफ करा," मी शुद्ध जर्मनमध्ये म्हणालो, "या माझ्या सासूबाई."

शेतकऱ्याने गाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढून त्याने गाईला अदबीने नमस्कार केला आणि मला कळेल अशा सावकाश जर्मनमध्ये म्हणाला, "हो, माझीही अशीच. जागची हलत नाही."

सगळा रस्ता हसत सुटला. पर्समधली उरलेली केळीही संपली तशी गाय निघाली. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाले ते? मी म्हटलं, गाय छान आहे म्हणाले. बोलत नसली तरी जर्मन कळणाऱ्या मेघनाने मात्र शब्दन् शब्द मराठीत सांगितला.

मी मान खाली घालून उभा राहिलो.

"गाय म्हणालात, त्याचं काही नाही हो जावईबापू, तो मानच झाला," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पण जागची हलत नाही म्हणतात होय? पुढच्या आठवड्यात निघणार होते. आता दिवाळी करूनच जाईन."

आणि त्या राहिल्या. इतक्या वर्षांत माझ्या जर्मनचा कुणावर परिणाम झाला असेल, तर तो हा एवढाच!