बोटीवरची खाट आणि गेलेली वीज

लाऊ बेटांकडे जाणाऱ्या बोटीची तिकिटं ज्या वेबसाइटवर निघतात, ती अलुमिताने बांधलेली. बाप खोबरं वाहणाऱ्या बोटीवर खलाशी. पोरगी सुवा बंदराच्या धक्क्यावर कम्प्युटरशी बसली.

पहिल्याच नाताळात फजिती झाली. बोट सुटताना दोन म्हाताऱ्या एकाच खाटेवर हक्क सांगू लागल्या, आणि दोघींची तिकिटं खरी!

“तुझ्या यंत्राला मी दिसले नाही का गं? एवढी मोठी बाई!” सेरेआना आजी कडाडली.

दुसरी म्हणाली, “झोपू दोघी. खाट मोडली तर या मोठ्या बाईलाच विचारा.”

धक्क्यावर हशा पिकला. अलुमिता मात्र शरमेने अर्धी झाली. शोधल्यावर कळलं, दोन्ही घरांनी एकाच क्षणी बटण दाबलं होतं. दोघांनाही खाट रिकामी दिसली, आणि दोघांचीही नावं चढली. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या ज्या तयार सॉफ्टवेअरच्या चौकटीवर तिने वेबसाइट उभारली होती, त्यात यावर उपाय होताच. तिनेच तो वापरला नव्हता. मग तिने खाट, नाव आणि सामानाची जागा एकाच व्यवहारात बांधली. तो पुरा होईपर्यंत खाटेला कुलूप. झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही.

पुढच्या नाताळाची तिकिटं उघडली आणि सुवा, सिडनी, ऑकलंड, सगळीकडून माणसं एकदम तुटून पडली. त्या गर्दीत बंदराची वीज गेली, आणि वेबसाइट चालवणारा कचेरीतला कम्प्युटरही बंद पडला.

“झालं!” तिकीट कचेरीतले पेनाइयामामा कपाळाला हात लावून बसले. “आता कोण कुठं झोपायचं, पोरी?”

वीज आल्यावर अलुमिता एकेक नोंद उघडू लागली. पुरी झालेली तिकिटं जशीच्या तशी होती. अर्धवट राहिलेल्यांचा मागमूस नव्हता. त्यांच्या खाटा पुन्हा रिकाम्या, कुणी हातच न लावल्यासारख्या. तेवढ्यात गर्दी परत लोटली. एकाने खाट धरली की बाकीचे निमूट थांबत होते.

“हे तू केलंस?” मामांनी विचारलं.

“मी नुसतं सांगितलं, मामा. करणारे दुसरेच.”

कुठल्या देशातली कोण माणसं ती, ही चौकट लिहिणारी! सुवाचं नावही त्यांनी ऐकलं नसेल. तरी कुठंतरी, कधीतरी, ऐन कामात दिवे जातील, हे त्यांनी आधीच मनात धरलं होतं. अलुमिता हात जोडल्यासारखी पडद्यासमोर बसून राहिली.

“देवळात बसल्यासारखी काय बसलीस?” मामा म्हणाले. “चहा घे.”

तिने मान हलवली, पण नजर काही काढवेना.