साडूंची एकच अट

माती खाणारी लेकरं मी शाळामास्तर म्हणून पुष्कळ पाहिली, पण पदवी घेऊन माती खाणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, शिकून आर्किटेक्ट झालेला. औरंगाबादेत राहून व्यापाऱ्यांचे बंगले काढले असते तर दारात गाडी उभी राहिली असती. पण हे गृहस्थ हिंगोलीत येऊन राहिले (तेव्हा हिंगोली जिल्हासुद्धा नव्हती, आम्ही सगळे परभणीच्या पदरात होतो) आणि खेड्यापाड्यांत मातीची घरं बांधत सुटले. कुणाच्या प्लॉटवर गेले की मालकाला नमस्कार करायच्या आधी खाली वाकायचे, चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सासूनं नव्या सुनेच्या वरणाबद्दल सांगावं तसं सांगायचे, "जरा खारट हाये. चुना जास्त लागंल." मालक बिचारा माझ्याकडे पाहायचा. मी दुसरीकडे पाहायचो.

हे खूळ त्यांच्या डोक्यात भूकंपानं भरलं. त्र्याण्णव साली किल्लारीकडे धरणी हलली तेव्हा ते तिकडे ढिगारे उपसायला गेले होते. परत आल्यावर महिनाभर नीट जेवले नाहीत. मराठवाड्यानं त्यातून एकच धडा घेतला, की दगडमातीचं घर म्हणजे मरण, आणि जो तो स्लॅबच्या मागं लागला. साडूंनी धडा उलटा घेतला. "मातीनं कोणी मेलं न्हाई, गुरुजी," ते सांगायचे, "छतावर पिढ्यानपिढ्या मातीचे थर चढवले, त्या वजनानं मेले लोक. मातीला काहून बदनाम करून राहिले?" हे ते लग्नात सांगायचे, दहाव्याला सांगायचे, जीपमध्ये शेजारी बसलेल्या परक्या माणसाला सांगायचे. एकदा सेनगावच्या जीपमध्ये भिंतीचा आणि छताचा संबंध त्यांनी एका बाईला तिच्याच मांडीवरची टोपली उचलून समजावून दिला. टोपलीत अंडी होती. पुढची पंधरा मिनिटं त्या बाईनं जे काही समजावलं ते साडूंनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

माझा प्लॉट गोरेगावच्या बाहेर, मुरमाड उतारावर. मधोमध म्हशीएवढा काळा खडक, एका कोपऱ्यात कडुलिंबाचं झाड, आणि पावसाळ्यात आडवी वाहणारी ओघळ. कुणी घेत नव्हतं म्हणून मला परवडला. साडू पाहायला आले आणि त्यांना इतका आनंद झाला की मला वाटलं आपण नक्कीच फसलो. मी म्हणालो, आधी सुरुंग लावून हा खडक काढू. तर म्हणाले, "खडक आधी आला, गुरुजी. तुमी मागून आले." मग तीन दिवस ते त्या प्लॉटवर नुसते बसून राहिले. कळशीभर पाणी ओतायचे आणि पाणी जाईल तिकडे मागं मागं चालायचे, नुकत्याच चालायला लागलेल्या लेकरामागे आई चालते तसे. शेजारच्या शेळ्यावाल्या म्हातारीला त्यांनी दुपारी शेळ्या माझ्या जागेत सोडायला लावल्या. भर उन्हात शेळ्या जिथं बसल्या तिथं चुन्याच्या फक्कीनं खुणा केल्या आणि मला म्हणाले, "ओसरी हितं. शेळी उगं न्हाई बसत. सावली आन वारा दोन्ही पाहून बसते." म्हातारी पुढं वर्षभर गावात सांगत फिरली की माझ्या शेळ्यायनं मास्तरचं घर आखलं. गावानं हसून घेतलं, आणि मी जळफळलो.

पण घर झालं. खडक स्वयंपाकघरात आला आणि त्याचाच ओटा झाला. पाहुणे विचारायचे, हा दगड काढायचा राहिला का? ओघळीला वळण देऊन तिचं पाणी लिंबाच्या बुडाशी नेलं, आणि लिंबाची एक फांदी आड आली तर ती न तोडता तिच्यासाठी छपराला खाच ठेवली. गुडघ्यापर्यंत काळा दगड, वर भिंत सगळी मातीची. माती त्याच प्लॉटमधली, त्यात गव्हाचा भुसा, थोडा चुना. चिखल तुडवायला साडू स्वतः पँट वर करून उतरायचे आणि जो भेटायला येईल त्यालाही उतरवायचे. आमच्या मुख्याध्यापकांना त्यांनी चपला काढायला लावल्या. वर हलकी कौलं, आणि भिंतीला पाऊस लागू नये म्हणून वळचण चांगली हातभर पुढं काढलेली. शेजाऱ्याचा जेवढ्या पैशांत नुसता स्लॅब झाला तेवढ्यात माझं अख्खं घर उभं राहिलं. वैशाखात आळीतल्या बायका गहू निवडायला माझ्याकडे यायच्या, कारण त्यांच्या पक्क्या घरांत बसवत नव्हतं. तरी बाजारात कुणीतरी विचारायचाच, "गुरुजी, एवढी नौकरी करून मातीचंच घर?" मी हसायचो, पण ते काळजाला लागायचं. माणूस घरात राहतो तेवढाच लोकांच्या तोंडीही राहतो.

किल्ली देताना साडूंनी माझा तळहात धरून भिंतीवर ठेवला. "एकच अट हाये. हिला सिमेंट लावायचं न्हाई. मातीची भिंत घाम टाकते, गुरुजी. सिमेंटला बारीक तडा जातो, पाणी आत शिरतं, आन भायेर यायला वाट न्हाई. मग आतून चिखल व्हतो. वर्साला एकदा शेणामातीचा हात फिरवा, बस." मी शब्द दिला. मास्तरचा शब्द होता, देताना काही वाटलं नाही.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. मी दोन्ही लागोपाठ केलं आणि दोन्हीची गाठ त्या भिंतीत पडली. माझ्या पोरीला आखाडा बाळापूरचं स्थळ आलं. चांगली माणसं, मुलगा नोकरीत. मुलाच्या वडिलांनी चहा घेता घेता भिंतीला अंगठा लावून पाहिला आणि म्हणाले, "पोरगी पसंत हाये. पण मातीच्या घरातून सून आणली म्हणून आमच्यात बोलतील. तेवढं घर पक्कं करून घ्या." साडू तेव्हा औरंगाबादेत टायफॉइडनं अंथरुणावर होते. त्यांच्या तोंडाकडे पाहावं लागणार नाही याचं मला बरंच वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं. आठ दिवसांत गवंडी आणला, चारी भिंतींना बाहेरून सिमेंटचं प्लॅस्टर ओढलं, वर पिवळा रंग दिला. गाव म्हणालं, आता कसं घर वाटतं. लग्नाला साडू काठीसारखे वाळून आले. मांडवात शिरायच्या आधी त्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग एवढंच म्हणाले, "लग्न व्हऊ द्या. उन्हाळ्यात काढून टाकू."

उन्हाळ्यात त्यांचा निरोप आला, माणसं घेऊन येऊ का? मी म्हणालो, नवं नातं आहे, व्याही येतात-जातात, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी पुन्हा निरोप आला. तेव्हा पोरगी पहिल्या बाळंतपणाला यायची होती, घरात धुरळा नको म्हणालो. दोन्ही वेळा ते "बराबर हाये" म्हणाले.

त्या श्रावणात आठ दिवस झड लागली. सूर्य दिसला नाही. पोरगी बाळंत होऊन बारा दिवस झाले होते, मुलगा झाला होता. दुपारी ओसरीच्या भिंतीचं पोट फुगलं आणि कुणाला काही कळायच्या आत ती अख्खी बाहेर कोसळली. बाळंतीण आणि लेकरू आत बाजेवर, चार हातांवर. आत पडली असती तर पुढचं लिहायला मी राहिलो नसतो. बाहेर वळचणीला म्हातारीच्या शेळ्या पावसामुळे भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांतल्या दोन ढिगाऱ्याखाली गेल्या. म्हातारी भर पावसात त्यांच्याशेजारी बसून राहिली. मी तिच्याजवळ गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीहून साडू आले, बाळापूरहून व्याही आले आणि तमाशा पाहायला अर्धं गाव आलं. साडूंनी ढिगाऱ्यातला एक तुकडा उचलला. वर सिमेंटचं टणक कवच, आत दह्यासारखी लिबलिबीत माती. त्यांनी ती अंगठ्यानं दाबून पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. व्याही माझ्यावर ओरडले, "माझी सून आन नातू मारायला ठेवले व्हते का हितं? आजच घेऊन जातो. परत या दारात धाडणार न्हाई. कोणाची चूक हाये, सांगा." पोरगी लेकराला छातीशी धरून दारात उभी होती. मला फक्त तीन शब्द बोलायचे होते. ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

"माझी," साडू म्हणाले. "भिंतीच्या पायात पाणी मुरलं, मला कळलं न्हाई. गुरुजींचा काही दोष न्हाई. लेकरू येऊ द्या त्यांच्याकडं."

व्याह्यांनी मग साडूंना जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. साडूंनी ते सगळं उभ्यानं ऐकलं. पोरगी पुढं दर दिवाळीला माहेरी येत राहिली.

साखरा गावात साडूंनी दोन घरांची आखणी केली होती, ती दोन्ही कामं आठवड्यात गेली. "घर पडलं त्याचं" हे वाक्य जीपच्या आधी गावोगाव पोचलं. दसऱ्यानंतर साडू आले, बाकीच्या भिंतींचं सिमेंट खरवडून काढलं आणि पडलेली भिंत स्वतःच्या हातानं पुन्हा मातीचीच उभी केली. ती अजून उभी आहे. त्यानंतर मात्र ते हिंगोलीत टेबलाशी बसून स्लॅबच्या घरांचे मंजुरीचे नकाशे काढायला लागले. लांब हातांचा माणूस, त्या टेबलाशी नीट मावायचाही नाही. जीपमध्ये आता ते गप्प बसायचे. एकदा मी धीर करून म्हणालो, "साडूभाऊ, त्या दिवशी..." त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. "नातू शाळेत जातो का आता?" असं विचारलं. जातो म्हणालो. खोटं कशाला बोलू, त्यांनी थांबवलं म्हणून मला सुटल्यासारखंच वाटलं.

पाच-सहा वर्षांनी ते गेले, एका सकाळी, छातीत दुखून. तेरवीचे पाहुणे पांगल्यावर मेहुणी माझ्यासमोर येऊन बसली. "दाजी, एक विचारू का? त्या भिंतीत त्यांचं काय चुकलं व्हतं? मी कितींदा विचारलं. नुसते हसायचे. एवढा हुशार माणूस, मला कोडं पडून राहिलं." त्यांनी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. मी तिला सांगितलं, गवंड्यापासून दारातल्या पोरीपर्यंत सगळं. तिनं मध्ये अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "मला तरी सांगायचं त्यांनी." आणि थोड्या वेळानं, "तुमी तरी." मग उठून तिनं मला ताट वाढलं, आणि मी जेवलो.

आता मी सगळ्यांना सांगतो. गोरेगावच्या चहाच्या हॉटेलात सांगितलं, मुद्दाम साखऱ्याला जाऊन त्या दोन घरी सांगितलं, की भिंत माझ्या सिमेंटनं पडली, त्यांचं काही चुकलं नव्हतं. लोक चांगलं ऐकून घेतात, माना डोलावतात, वर मलाच चहा पाजतात. "जाऊ द्या, गुरुजी," म्हणतात, "गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं." व्याह्यांनाही सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "साडूवर लई जीव व्हता तुमचा."

जीव होता, तेवढं खरं आहे.